सीताबर्डी, १८१७: नाटकातल्या पात्रांचे आतले कपडे कसे शिवायचे

प्रश्न थोडक्यात असा. भोसले आणि इंग्रज यांच्यातल्या नोव्हेंबर १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईवर नागपुरातला एक हौशी गट दोन अंकी नाटक बसवतोय. रेसिडेन्सीतल्या, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या निवासातल्या, दोन इंग्रज स्त्रिया, दोन इंग्रज अधिकारी, भोसल्यांच्या वाड्यातल्या तीन बायका आणि चार शिपाई अशी पात्रं आहेत. वरचे कपडे शिवून झालेत, पण अंगावर चढवले की ते त्या काळातले वाटत नाहीत. गाऊन छातीखाली फुगतो, लुगडं नेसलेली मुलगी साडी नेसल्यासारखी दिसते. आतले कपडे काळाप्रमाणे कसे शिवायचे, कापड कोणतं घ्यायचं, आणि कॉलेजच्या मुलींना ते घालून तीन तास वावरता येईल का?

वावरता येईल, नक्की येईल. बिघाड वरच्या शिलाईत नाही, क्रमात आहे. कोणत्याही काळाच्या पोशाखाचा आकार आतल्या कपड्यातून येतो. वरचा कपडा तो आकार फक्त दाखवतो. आजच्या ब्रावर माप घेऊन १८१७चा गाऊन शिवला तर छाती त्या काळापेक्षा दीड-दोन इंच खाली राहते आणि कमरेची शिवण भलतीकडेच पडते. म्हणून इंग्रज स्त्रियांचे गाऊन आत्ता कंबरशिवणीत उसवून ठेवा. आधी शिफ्ट, म्हणजे अंगाला लागून असणारा सैल सदरा, शिवा, त्यावर कोर्सेट, म्हणजे छाती उचलून धरणारा ताठ, दोरीने बांधायचा कपडा, त्यावर पेटीकोट, आणि हे तिन्ही अंगावर असताना गाऊनचं माप पुन्हा घ्या. वाड्यातल्या बायकांचं गणित याच्या नेमकं उलटं आहे, ते पुढे सांगतो.

काय शिवायचं याआधी काय वापरायचं नाही ते ठरवा, म्हणजे निम्म्या चुका टळतात. १८१७ साली शिलाई मशीन नव्हतं. कामाची मशीनं १८४६ ते १८५१च्या सुमारास आली. रबराचं इलॅस्टिक नव्हतं. धातूची आयलेट, म्हणजे भोकाला बसवायची कडी, १८२०च्या दशकात निघाली, म्हणजे कोर्सेटची भोकं दोऱ्यानेच विणलेली हवीत. सेफ्टी पिनचं पेटंट १८४९चं. समोरून खटक्याने उघडणारा पोलादी पट्टीचा कोर्सेट शतकाच्या मध्याला रुळला. आणि भाड्याच्या दुकानात मेमसाहेब म्हटलं की जो पिंजऱ्यासारखा घेर काढून देतात, तो १८५६ नंतरचा आहे. तो घेर तुमच्या नाटकात आला तर प्रसंग थेट १८५७च्या आसपास जाऊन बसतो. १८१७चा इंग्रज पोशाख सडपातळ असतो: कंबर छातीच्या लगेच खाली, खाली सरळ पडणारं पातळ कापड, घेर मागच्या बाजूला.

कापडाबद्दल. त्या काळी इंग्रजांचे आतले कपडे लिननचे असत, सुती कापड वेगाने येत होतं, आणि हिंदुस्थानात राहणाऱ्यांना ते हाताशीच होतं. लिनन परवडत नसेल तर खादी घ्या, आणि यात कमीपणा मानू नका. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. त्याच्या साठ वर्षं आधीचं इथलं सगळं कापड हातमागाचं. हातसुताची पांढरी, मध्यम जाडीची खादी त्या काळाच्या कापडाच्या फार जवळ जाते, कारण तिच्या धाग्यात बारीक-जाड असा तोच खेळ असतो. ती खादी भांडारात मिळेल. कच्च्या मापाच्या कपड्यासाठी मांजरपाट, कोर्सेटसाठी घट्ट विणीचं सुती ड्रिल आणि पेटीकोटसाठी केम्ब्रिक गांधीबागेत किंवा इतवारीत मिळतं. दुकानात एक धागा उपसून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत विरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याची काळी, टणक गुठळी होते. हे इतकं आग्रहाने सांगण्याचं कारण म्हणजे घाम. तीन थर सुती असतील तर घाम शिफ्टमध्ये मुरतो आणि उडून जातो. त्यातला एकच थर पॉलिस्टरचा आला की दिव्यांखाली लवकरच कासावीस व्हायला होतं.

कापड आणलं की कापू नका. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. मांजरपाट आणि लाँगक्लॉथला कांजी असते. ती निघाल्यावरच कापडाचा खरा पोत कळतो. खादी मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर सहज आटते. न धुता शिवलेली शिफ्ट पहिल्या धुण्यात काखेत आवळते, आणि फाटते तीही तिथेच.

आता शिफ्ट. अंगाला लागून असणारा हा सैल, गुडघ्याखाली जाणारा सदरा. घाम टिपणं आणि कोर्सेट अंगाला घासू न देणं ही त्याची दोन कामं. त्याची बेतणी नुसती चौकोन-त्रिकोणांची आहे, कापडाची चिंधीही वाया जात नाही. आपल्या जुन्या बंडीची बेतणी ज्यांना येते त्यांना ही लगेच कळेल.

छाती ३६ इंच आणि उंची पाच फूट दोन-तीन इंच धरा. ३६ इंच पन्ह्याचं, धुतलेलं, ८४ इंच लांब कापड लागेल. दुकानात अडीच मीटर मागा. लांबीत २१ इंचांचा पट्टा कापा. तो मधोमध आडवा दुमडला की ४२ इंच लांबीचं अंग तयार होतं, खांद्याला शिवणच येत नाही. उरला १५ इंच रुंद आणि ८४ इंच लांब पट्टा. त्यातून ९ बाय २८ इंचांचे दोन आयत काढा. प्रत्येक आयताच्या वरच्या कडेवर डावीकडून एक इंच आणि खालच्या कडेवर उजवीकडून एक इंच खूण करा, दोन्ही खुणा तिरक्या रेषेने जोडा आणि कापा. एका आयतातून दोन कळ्या मिळतात: एका टोकाला एक इंच, दुसऱ्या टोकाला आठ. अशा चार कळ्या झाल्या. उरलेल्या १५ बाय २८ इंचांत ७ बाय १५च्या दोन बाह्या आणि ५ बाय ५च्या दोन बगला, म्हणजे काखेत बसवायचे चौकोन, निघतात. कडेला राहिलेल्या ६ इंची पट्टीतून गळ्याची पट्टी.

कळी जोडताना तिची उरेबी, म्हणजे तिरकी कापलेली, कड अंगाच्या सरळ कडेला लावा. उरेब कापड ताणलं जातं. समोर सरळ धागा असला की तो त्याला धरून ठेवतो. मग पुढच्या आणि मागच्या कळीच्या सरळ कडा एकमेकींना जोडल्या की बाजूची शिवण झाली. दोन उरेबी कडा एकमेकींना जोडल्या तर खालचा घेर बाजूंना लोंबतो, आणि इस्त्रीनेही तो बसत नाही. सगळं जोडून झाल्यावर शिफ्ट एक दिवस हँगरला टांगून ठेवा, मग घेर सारखा करा. घेर साधारण ६८ इंच भरतो. चालायला, जिने चढायला तो पुरतो.

बगल हा शिफ्टचा कळीचा भाग आहे. काखेतला हा चौकोन नसेल तर हात वर केला की अख्खी शिफ्ट वर ओढली जाते, कोर्सेटखाली तिची गुंडाळी होते आणि त्या वळकटीचा वळ अंगावर उठतो. चौकोनाची एक बाजू बाहीच्या खालच्या कडेला, काखेच्या टोकापासून सुरू करून जोडा. त्याला लागून असलेली दुसरी बाजू बाहीच्या दुसऱ्या कडेला. मग बाहीची उरलेली खालची शिवण मारा. आता बाही नळीसारखी झाली आणि तिच्या तोंडाशी बगलेच्या दोन बाजू मोकळ्या राहिल्या. त्या अंगाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला बसतात. प्रत्येक कोपऱ्यात सुई मायेच्या, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या, आधी थांबली पाहिजे. माया अर्धा इंच ठेवली असेल तर टाका कडेपर्यंत न नेता कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे संपवायचा, दोरा पक्का करायचा आणि पुढची बाजू नव्याने सुरू करायची. टाका एक धागाभर जरी पुढे गेला तरी कोपऱ्यात चुणी येते आणि ती नेमकी काखेत बोचते. कोपऱ्यांच्या चारही बिंदूंना आधी पेन्सिलीने ठिपके द्या. डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही.

टाके हाताचे. धावदोरा घालायचा, दर चौथ्या टाक्याला एक उलट टीप, इंचात दहा-बारा टाके. मग मायेची एक बाजू निम्मी कापायची, दुसरी तिच्यावर दुमडायची आणि हेमटाक्याने बसवायची. आत एकही मोकळी कड राहत नाही, म्हणून असे कपडे वर्षानुवर्षं धुणं सोसत. दोरा सुतीच घ्या आणि मेणाच्या वडीवरून दोनदा ओढा. मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि टाक्यात घट्ट बसतो. वेळ कमी असेल तर बाजूच्या लांब शिवणी मशीनवर मारा, पण गळा, बाहीची कड आणि खालचा घेर हातानेच करा. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला गळ्यावरची मशीनची टीप दिसते. गळा गोल, बऱ्यापैकी खोल, कडेला बारीक नेफा करून त्यातून पाव इंची सुती नाडी ओढा. गाऊनच्या गळ्याप्रमाणे तो लहान-मोठा करता येतो.

आता कोर्सेट. याच्या नावानेच मुली घाबरतात, आणि ती भीती निष्कारण आहे. १८१७च्या कोर्सेटचं काम कंबर आवळणं नव्हतं. छाती वर उचलणं, दोन बाजूंना वेगळी करणं आणि पाठ ताठ ठेवणं एवढंच त्याचं काम. कंबर गाऊनमध्ये दिसतच नाही, मग आवळायची कशाला? श्वास अडकत असेल तर बेतणी चुकली असं खुशाल समजा.

मापं शिफ्टवरून घ्या, मुलीला पूर्ण श्वास आत घ्यायला सांगून. धरा छातीखाली ३२, छाती ३६, कुल्ल्यांच्या वरच्या भागी ३८. छातीखालच्या मापातून २ इंच वजा करा: ३०. अर्ध्या अंगाला १५ इंच: पुढचा भाग साडेआठ, मागचा साडेसहा, शिवाय माया. उंची वरून खालपर्यंत १५-१६ इंच, वरची कड स्तनाग्राच्या रेषेशी. छातीला जागा त्रिकोणी कळ्यांनी करायची, प्रत्येक बाजूला दोन. कळीची वरची रुंदी काढायला ३६ मधून ३० वजा करा, चारने भागा आणि अर्धा इंच मिळवा: दोन इंच. खोली साडेचार ते पाच. कुल्ल्यासाठीही प्रत्येक बाजूला दोन कळ्या: ३८ वजा ३० भागिले चार, म्हणजे खाली दोन-दोन इंच. हे आकडे सुरुवातीचे आहेत. आधी मांजरपाटाचं कच्चं कोर्सेट शिवा, पाठीला लांब टाके घालून अंगावर बसवा आणि खुर्चीवर बसवून बघा. कच्च्याचा कंटाळा केला की पक्कं कापड दोनदा विकत घ्यावं लागतं.

पक्क्यासाठी बाहेरून ड्रिल एक मीटर, आतून साधं घट्ट सुती कापड एक मीटर. पुढच्या भागाचा उभा धागा मधल्या रेषेला समांतर ठेवा. कळीची चीर देताना कात्री टोकाच्या पाव इंच आधी थांबवा आणि टोकाला काजटाक्याने एकमेकांना लागून सात-आठ टाके घाला. सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. तिथे टाके विरळ असतील तर दुसऱ्याच तालमीला धागे सुटतात आणि मग ठिगळाशिवाय उपाय उरत नाही.

मधोमध, दोन थरांमध्ये, लाकडी पट्टीचा खिसा. ही पट्टी म्हणजे बस्क. सागवानाची, १३ इंच लांब, सव्वा इंच रुंद, पाच मिलिमीटर जाड. कोणताही सुतार पट्टी चिरून देईल. कडा आणि टोकं मात्र तुम्ही स्वतः काचपेपरने घासून गोल करा, गालावर फिरवली तरी टोचणार नाही इतकी. खिसा खालून उघडा ठेवून नाडीने बांधा, म्हणजे धुताना पट्टी काढता येते. पट्टी लांब झाली तर बसताना खालचं टोक मांडीवर दाबतं आणि वरचं हनुवटीकडे सरकतं. माप बसलेल्या स्थितीतच घ्या.

बाकी ताठपणा त्या काळी व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांनी आणि दोन थरांत भरलेल्या सुतळीने येई. दोन मिलिमीटरची सुती दोरी ओळीने भरून दोन्हीकडून धावदोरा घातला तर पोटाशी आणि बाजूंना एवढं बस होतं. पाठीच्या भोकांशेजारी मात्र कडक पट्टी लागतेच. तिथे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा आठ-नऊ मिलिमीटर रुंदीचा केबल टाय कापून घाला. अंगाच्या उबेने तो हळूहळू वळण घेतो, जुन्या पट्टीसारखाच. टोकं कानशीने गोल करा. बांबूच्या काड्या घालू नका. वाकल्या की मोडतात आणि कुसळ अंगात घुसतं.

भोकं पाठीला, एका बाजूला १६, एक-एक इंचावर. एक लांब दोरी नागमोडी ओवायची असल्यामुळे उजवीकडची भोकं डावीकडच्यापेक्षा अर्धा इंच खाली घ्या. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे मात्र एक-एक जादा भोक घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना समोरासमोर जोडी येते. समोरासमोर सगळी भोकं करून नागमोडी ओवली तर एक कड वर चढते आणि पाठ वाकडी दिसते. भोक कात्रीने कापायचं नाही, टोच्याने धागे बाजूला सारून करायचं. कापलेलं भोक ताणाखाली वाढत जातं. सारलेले धागे उलट परत जवळ येऊ बघतात आणि टाक्याला घट्ट धरतात. टोचा फिरवत आत घाला, चार मिलिमीटरपर्यंत भोक मोठं करा, दुहेरी मेणाच्या दोऱ्याने कडेभोवती टाके घाला: सुई भोकातून खाली, दोन मिलिमीटर बाहेरून वर, दोरा ओढून घट्ट. प्रत्येक चार टाक्यांनी टोचा पुन्हा घालून फिरवा, नाहीतर भोक बुजत जातं. साधारण वीस टाक्यांत एक भोक होतं, सुरुवातीला दहा मिनिटं लागतात. ३४ भोकांना सहा तास धरा आणि ते चार जणींत वाटून घ्या. दोरी तीन मीटर, सुती, टोकांना मेण.

बांधताना मुलीने श्वास सोडलेला असताना ओढू नका. श्वास भरून घ्यायला सांगा आणि तेव्हा दोरी सारखी करा. पाठीला दीड-दोन इंच फट राहिली तर उत्तम. कडा भिडल्या तर कोर्सेट मोठं झालं. खांद्यांच्या पट्ट्या पुढे नाडीने बांधायच्या असतात, त्या शेवटी. त्या आधी घट्ट केल्या तर छाती वर उचलली न जाता दाबली जाते.

पेटीकोट सोपा आहे. त्याची कंबर छातीखाली, म्हणून तो खांद्यांच्या पट्ट्यांवर लटकतो. ३६ इंच पन्ह्याचे अडीच पडदे, घेर ९० इंचांच्या आसपास, एकूण कापड साडेतीन मीटर. पुढे सपाट ठेवा, सगळ्या चुण्या मागच्या आठ-दहा इंचांत गोळा करा. सगळीकडे सारख्या चुण्या घातल्या की मुलगी गरोदर दिसते. लांबी गाऊनपेक्षा दीड-दोन इंच कमी. हा कपडा टाळण्याजोगा नाही. त्या काळचे गाऊन आपल्याच मलमलीचे, आरपार दिसणारे. पेटीकोटशिवाय मागून दिवा आला की पाय दिसतात.

इंग्रज स्त्रियांच्या चड्डीबद्दल विचाराल, तर १८१७मध्ये ती सर्रास नव्हती. मुलींनी आपली रोजची घालावी, कोणालाही दिसत नाही. सुती पांढरे मोजे गुडघ्याच्या वर, त्यावर एक इंची फीत बांधायची.

अधिकाऱ्यांचा आतला कपडा म्हणजे त्यांचा शर्टच. अंग पूर्ण ३६ इंच पन्ह्याचं, पुढे-मागे ३८-३८ इंच लांब, बाजूंना नऊ इंच चिरा, काखेत पाच इंची बगल; सव्वातीन मीटर कापड. खालचे लांब पल्ले पायांमधून घेऊन विजारीत खोचत. आजच्या लांबीचा शर्ट घातला तर हात वर केल्यावर तो विजारीतून निघतो आणि कमरेशी फट पडते.

आता वाडा. इथे शिवण्यापेक्षा काढून टाकायचं काम जास्त आहे. लुगड्याखाली परकर नसतो. लुगडं कमरेला गाठ मारून नेसतात आणि काचा पायांमधून मागे खोचतात. आत परकर असला तर काचा घट्ट बसत नाही, मांड्यांमध्ये गोळा होतो आणि चाल बदलते. तुमची मुलगी साडी नेसल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. परकर काढा, लेगिंगही काढा, कारण बसताना पोटरीशी ती दिसते. लुगड्याच्याच रंगाची, मांडीच्या मध्यापर्यंतची सुती चड्डी शिवून द्या, कमरेला नाडी. इलॅस्टिकचा वळ सुती लुगड्यातून उमटतो. लुगडं सुतीच, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, हलकी खळ दिलेलं. आत हात घालून दिव्यासमोर धरा. बोटं स्पष्ट दिसली तर ते रंगमंचासाठी पातळ आहे. पॉलिस्टरची तयार नऊवारी कमरेवरून घसरते आणि त्या भीतीने मुलगी सतत पदर सावरत राहते.

चोळी पुढे गाठ मारायची. त्या काळी हाच आतला कपडा आणि हाच बाहेरचा. पुढचे दोन भाग खाली सहा-सात इंच निमुळते वाढवा, त्यांचीच गाठ येते. बाही कोपराच्या वर, अंगाबरोबर, आणि काखेत तीन इंचांची छोटी बगल. ती गाळली तर पहिल्या मुजऱ्याला बाही उसवते. आजची ब्रा या चोळीत बसत नाही: पट्टा पाठीला दिसतो आणि छातीचा आकार टोकदार येतो. त्याऐवजी आतून जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुताचं दुहेरी अस्तर द्या, त्याचा पुढचा भाग उरेब कापा, म्हणजे तो अंगाला धरतो. गाठीच्या मागे दोन हूक लपवा. हूक काळाला धरून आहेत की नाहीत याचा विचार इथे करू नका. मुलीला गाठ सुटायची धास्ती नसेल तरच तिचं लक्ष संवादावर राहील.

शिपायांना लंगोट. कुस्तीच्या आखाड्यात वापरतात तो तयार लंगोट चालतो; शिवायचाच असेल तर कमरेला करगोट्यासारखी जाड सुती दोरी आणि सहा-सात इंच रुंद, सव्वा मीटर लांब मऊ पट्टी, पुढून दोरीवरून घेऊन पायांमधून मागे खोचायची. त्यावर चोळणा, म्हणजे नाडीची विजार. चोळण्याचे दोन पाय सरळ कापा आणि आसनात आठ इंची चौकोनी बगल तिरकी, म्हणजे टोक पुढे-मागे करून बसवा. शिपायांना उकिडवं बसायचंय, टेकडी चढल्याचा अभिनय करायचाय. आसनात बगल नसेल तर शिवण फाटणार हे ठरलेलंच. नेफा सव्वा इंच, नाडी सुती. सिंथेटिक नाडीची गाठ सरकते.

तालमी किमान दहा दिवस आतल्या कपड्यांत करा. पहिल्या दिवशी कोर्सेट अर्धा तास, मग रोज वीस-वीस मिनिटं वाढवा. कोर्सेटमध्ये कमरेतून वाकता येत नाही, कुल्ल्यातून वाकायचं असतं. खाली पडलेलं पत्र उचलायचा प्रसंग असेल तर दिग्दर्शकाला हे आधीच सांगा. प्रयोगाच्या दिवशी दोन्ही मुलींना जेवण कोर्सेट बांधण्याआधी तासभर, आणि मध्यंतरात पाणी.

प्रत्येकीला शिफ्ट दोन हव्यात, एक अंगावर आणि एक धुण्यात. घामाची शिफ्ट त्याच रात्री साध्या पाण्यात टाका. कोर्सेट मात्र प्रत्येक प्रयोगानंतर धुवायचं नाही. बस्क काढून, उलटं करून सावलीत वाऱ्यावर टांगा. आणि सगळे पांढरे कपडे एकत्र धुतल्यावर कोणाचं कोणतं हा घोळ होतोच. त्याला उपाय त्या काळचाच आहे: शिफ्टच्या गळ्याखाली, आतल्या बाजूने, लाल सुताने फुलीच्या टाक्यांत नावाचं आद्याक्षर आणि त्याखाली कपड्याचा क्रमांक. लाल सूत आधी गरम पाण्यात उकळून रंग जात नाही ना ते बघून घ्या.